पेरूला पिशवी नेमकी कधी चढवावी? गेल्या वर्षी पिशवीतच अळी निघाली

मोहोळ_पेरूबाग

नमस्कार. मोहोळ तालुक्यात आमची सव्वा एकर तैवान पिंक पेरूची बाग आहे. लागवड १० बाय ६ फुटांवर असून साधारण ९०० झाडे आहेत. यंदा बागेचे तिसरे वर्ष आहे. मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फुलांचा) धरला असून आत्ता काही फळे सुपारीएवढी, काही लिंबाएवढी, तर शेंड्याकडे अजून फुलेही आहेत. विरळणी करून झाडावर सरासरी ४० फळे ठेवण्याचा विचार आहे.

गेल्या वर्षी प्रथमच फोमची जाळी व पॉलिथिनची पिशवी वापरली. खर्च बराच झाला, आणि तरीही तोडणीच्या वेळी दहापैकी दोन-तीन फळे आतून खराब निघाली. एक प्रसंग मनातून जात नाही. व्यापारी बागेवर सौदा करायला आला तेव्हा मी स्वतः सर्वांत देखणे फळ तोडून, पिशवी फाडून त्याच्यासमोर कापले. वरून एकही डाग नव्हता. देठाजवळ मात्र टाचणीने टोचल्यासारखा एक बारीक खळगा होता, तो मला दिसलाच नाही. फोड ताटात ठेवली आणि तीतून पांढरी अळी टुणकन उडून ताटाबाहेर पडली. व्यापारी काही बोलला नाही, पण त्यानंतर त्याने सांगितलेला दर कमी होता, हे सांगायला नकोच.

शिवाय अनेक पिशव्यांच्या तळाशी पाणी साचले होते आणि त्या पाण्यात टेकलेला फळाचा बुडखा काळा पडला होता. दुकानदाराचे म्हणणे असे की पिशवी हलक्या प्रतीची होती, यंदा महागडी अँटी-फॉग पिशवी घ्या. माझा प्रश्न असा की दोष खरोखर पिशवीचाच होता, की चढवण्याच्या वेळेचा? आमच्याकडे त्या वेळी मजूर मिळाले नाहीत म्हणून पिशव्या चढवायला जवळजवळ तीन आठवडे उशीर झाला होता. एकरभर डाळिंबही आहे. त्यालाही हीच पद्धत लागू पडेल का, तेही जाणकारांनी सांगावे.

---

नीराकाठ_अकलूज

दादा, उत्तर आपणच शेवटून तिसऱ्या वाक्यात दिले आहे. तीन आठवडे उशीर झाला, तेथेच बाग गेली. पिशवी हलकी होती हे खरे असेलही, पण सोन्याची पिशवी आणली असती तरी आत अडकलेली अळी मेली नसती.

माझ्याकडे आठ वर्षांपासून पेरू आहे आणि पहिली दोन वर्षे मीही हेच भोगले. आता आमच्याकडची पद्धत सांगतो. लिंबाएवढे फळ म्हणजे नेमके केवढे, यावर पिशव्या चढवणाऱ्या बायकांमध्ये रोज वाद होत असे, कारण लिंबूही कागदी असते आणि ईडलिंबूही. शेवटी आमच्या आईने नातीची लहानपणची एक बांगडी आणून दिली. ज्या फळावरून ती बांगडी सहज उतरते ते फळ सोडायचे, जेथे अडकते तेथे पिशवी चढवायची. तेव्हापासून प्रत्येक बाईच्या कमरेला सुतळीने तशी एक बांगडी बांधलेली असते आणि वाद मिटला आहे. फळधारणेपासून मोजाल तर ही अवस्था साधारण दीड ते दोन महिन्यांची असते. त्याहून लहान फळाला जाळी घातली तर ते फळ पुढे नैसर्गिकरीत्या गळणारे असू शकते, म्हणजे जाळी, पिशवी आणि मजुरी तिन्ही वाया जातात. त्याहून मोठे झाले, साल मऊ पडू लागली आणि हिरवा रंग फिकट होऊ लागला, की फळमाशी आधीच येऊन अंडी घालून गेलेली असते.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्व फळे एकाच दिवशी त्या आकाराची होत नाहीत. आपल्या ९०० झाडांवर ४० प्रमाणे ३६,००० फळे होतात. आमच्याकडे एक सरावलेली बाई दिवसाला हजाराच्या आसपास फळे उरकते, म्हणजे सहा बायकांचे सहा दिवसांचे काम झाले. परंतु हे सहा दिवस सलग लावू नका. दोन-दोन दिवसांच्या तीन फेऱ्या, आठ-दहा दिवसांच्या अंतराने करा आणि प्रत्येक फेरीला वेगळ्या रंगाची दोरी वापरा. तोडणीच्या वेळी पिशवीतून फळाचा रंग नीट कळत नाही. दोरीचा रंग पाहून कोणते फळ आधी तयार झाले असेल याचा अंदाज येतो. गेल्या हंगामात आमच्याकडे लाल दोरी संपली म्हणून एका बाईने लाल चिंध्या फाडून बांधल्या. कामाला त्याही तेवढ्याच आल्या.

पाणी साचण्याबद्दल: पिशवीच्या तळाचे दोन्ही कोपरे कात्रीने तिरके कापून घ्यावेत. हे काम झाडाजवळ करू नये. घरी बसून शंभर-शंभर पिशव्यांचा गठ्ठा करून कोपरे कापावेत. पिशवीचे तोंड देठावर गोळा करताना चुण्या व्यवस्थित पाडाव्यात आणि दोरी देठावर न आवळता देठ ज्या काडीला आहे त्या काडीवर घ्यावी, कारण पेरूचा देठ नाजूक असतो आणि वाऱ्याने पिशवी हलली की फळासकट तुटतो. वरून तोंड उघडे राहिले तर पाऊस आत उतरतो आणि मग खाली कितीही भोके पाडली तरी फळ ओलेच राहते. जाळी मात्र वगळू नका. जाळीमुळे ओले प्लास्टिक सालीला चिकटत नाही आणि फांदीवर घासून पडणारे ओरखडेही टळतात.

पश्चिमेकडच्या फळांना दुपारचे ऊन थेट लागते. तेथे पिशवीवर वर्तमानपत्राचे एक पान गुंडाळतो. पॉलिथिनच्या आत ऊन कोंडते आणि सालीवर उन्हाचा चट्टा पडतो. मृग बहारात ही अडचण थोडी आहे, पण कोणी हस्त बहार (पावसाळा संपताना येणाऱ्या फुलांचा) धरून मार्च-एप्रिलच्या आपल्या सोलापुरी उन्हात नुसते प्लास्टिक ठेवणार असेल, तर पेरू झाडावरच उकडतील.

---

कीड_निरीक्षक

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो असून नोकरीची बरीच वर्षे पीक संरक्षणाच्या कामात गेली. वरील प्रतिसादातील अनुभवाला कारणांची जोड द्यावी असे वाटले, कारण कारण समजले की प्रत्येक बागेत नियम थोडा बदलूनही वापरता येतो.

फळमाशीची मादी फळाच्या सालीत आपला अंडी घालण्याचा टोकदार अवयव खुपसून सालीखाली अंडी घालते. त्या जागी टाचणीएवढा खळगा पडतो, काही वेळा तेथे डिंकाचा बारीक थेंब दिसतो, आणि फळ वाढत गेले की तो खळगा आपल्या नजरेतून सुटला तसा सहज सुटतो. उबदार हवेत एक ते तीन दिवसांत अंडी उबतात, अळ्या गरात शिरतात, आणि पूर्ण वाढल्यावर फळातून बाहेर पडून जमिनीत कोषावस्थेत जातात. त्या वेळी त्या अंगाची कमान करून उडी मारतात. आपल्या ताटातून उडाली ती याच अवस्थेतील होती. याचा अर्थ असा की पिशवी बांधतेवेळी सालीखाली अंडी असतील तर पिशवीने अळीचेच रक्षण होते. पाऊस नाही, पक्षी नाही, फवारणीही पोहोचत नाही.

म्हणून पिशवी चढवण्याच्या आधीच्या दहा-पंधरा दिवसांना मी पिशवीच्या प्रतीपेक्षा अधिक महत्त्व देतो. या काळात बागेत पडलेले एकही फळ राहू देऊ नये. पडलेली व डंखलेली फळे गोळा करून दीड-दोन फूट खोल खड्ड्यात पुरावीत. उकिरड्यावर टाकली तर माशी तेथून परत येते. झाडाखालची माती वरवर चाळून घेतल्यास कोष उघडे पडतात, त्यातील काही उन्हाने मरतात आणि काही मुंग्या-पक्षी उचलतात. आणि सापळे लावावेत.

सापळ्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मिथाईल युजेनॉल या गंधाच्या आमिषाच्या सापळ्यात शंभर माश्या दिसल्या की शेतकरी निश्चिंत होतो, परंतु त्यात सापडतात ते सर्व नर असतात. हे आकर्षण नवे नाही; बिहारमधील पुसा येथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास ते नोंदवले होते. नर कमी झाल्याने पुढील पिढी घटते हे खरे, पण शेजारच्या बागेतून मिलन होऊन आलेली मादी आपल्या सापळ्याकडे फिरकतही नाही, थेट फळावर बसते. तिला अडवते ती पिशवीच. एकरी चार-पाच सापळे लावावेत, पण ते पिशवीचे काम करतील अशी अपेक्षा धरू नये. माझ्या मते सापळ्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो: दर दोन दिवसांनी माश्या मोजून वहीत लिहा. आकडा चढू लागला की फळ बांगडीत अडकण्याची वाट न पाहता थोडे आधीच पिशव्या चढवायला हरकत नाही, जास्तीची गळ सोसूनही ते परवडते.

पिशवीत कोंडून घेतला जाणारा दुसरा पाहुणा म्हणजे पिठ्या ढेकूण, रस शोषणारी बारीक पांढरी कीड. पेरूच्या बुडाला फुलाच्या वाळलेल्या निदलांचा (पाकळ्यांबाहेरच्या हिरव्या दलांचा) जो झुपका राहतो, त्यात तो दडून बसतो. वरून फळ स्वच्छ दिसते. झुपका अंगठ्याने चोळला की बोटाला पांढरी पूड लागते. जाळी घालण्यापूर्वी हा झुपका चोळून स्वच्छ करणे एवढे एक काम बायकांना सांगितले, तर नंतरचा बराच मनस्ताप वाचतो. झाडावर मुंगळ्यांची रांग असेल तर ढेकूण आहेतच असे समजावे. अशा झाडांच्या खोडाला चिकट पट्टी बांधावी आणि त्यांना पिशव्या शेवटी चढवाव्यात. बार्शीकडच्या सीताफळाच्या बागांमध्ये तर फळमाशीपेक्षा हीच मोठी डोकेदुखी असते, कारण सीताफळाच्या डोळ्यांमधील खाचा ढेकणाला बसायला आयत्याच मिळतात.

महागडी पिशवी घ्यावी का, या मूळ प्रश्नावर थोडक्यात: अँटी-फॉग पिशवीच्या आतील बाजूस बाष्पाचे थेंब धरत नाहीत, त्यामुळे फळ दिसते आणि ओलही कमी राहते, म्हणून पावसाळी बहारात ती चांगली. परंतु आपल्या बागेतील अळीचा तिच्याशी काही संबंध नाही.

---

सांगोला_डाळिंब

राम कृष्ण हरी. पेरूचे आपण सर्वांनी सविस्तर सांगितलेच आहे. डाळिंबाच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून लिहितो. पेरूची पद्धत जशीच्या तशी डाळिंबाला लावू नका.

डाळिंबात फळमाशी हा आपल्याकडे मुख्य शत्रू नाही. आमची लढाई चौघांशी असते: फळ पोखरणारी अळी, रात्री येऊन रस शोषणारा पतंग, तेलकट डाग आणि ऊन. यांतील पोखरणाऱ्या अळीचे फुलपाखरू, ज्याला सुरसा म्हणतात, फुलावर आणि अगदी कोवळ्या फळावर अंडी घालते, म्हणजे पिशवी उपयोगी पडायची असेल तर ती फारच लवकर चढवावी लागते. रस शोषणारा पतंग उलट फळ पिकत आल्यावर येतो. त्याची सोंड इतकी कडक असते की पिशवी फळाला चिकटलेली असेल तर तो पिशवीवरून भोसकतो आणि आपल्याला पिशवीवर भोकही शोधून सापडत नाही. फळ आठवड्यात सडते. त्याच्या अळ्या डाळिंबावर वाढतच नाहीत; बांधावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर वाढतात. म्हणून आम्ही बांध साफ करण्यावर जास्त जोर देतो आणि फळे पिकायच्या काळात संध्याकाळी बागेत धूर करतो.

तेलकट डागाविषयी स्पष्ट सांगतो. तो जिवाणूजन्य रोग आहे, पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून आणि कात्रीतून पसरतो. झाडाच्या काडीवर डाग असेल तर फळाला पिशवी घालून तो दिसेनासा होतो इतकेच. माझ्या चुलत्याने एके वर्षी कापडी पिशव्या चढवल्या आणि महिन्याने उघडून पाहिल्या तेव्हा फळांवर चिरा गेल्या होत्या. उघडी फळे असती तर पहिल्याच डागाला तोडून जाळली असती. ज्या बागेत गेल्या दोन वर्षांत तेलकट डाग आला असेल तेथे फळ डोळ्यांसमोर राहणे मला जास्त मोलाचे वाटते.

शिवाय डाळिंबाच्या टोकाचा मुकुट टोकदार असतो. वाऱ्याने फळ हलले की तो पातळ कागदी पिशवी आतून फाडतो.

आमच्या भागात त्यामुळे एकेका फळाऐवजी पूर्ण झाड किंवा पूर्ण ओळ झाकण्याची पद्धत रुळली आहे. ज्यांना परवडते ते न विणलेल्या पांढऱ्या कापडाचे क्रॉप कव्हर घालतात, आणि बाकीचे जुन्या साड्या. पंढरपूर-सांगोला रस्त्याने उन्हाळ्यात गेलात तर शेतात साड्यांच्या रांगा दिसतील. पाहुण्यांना वाटते वाळत घातल्या आहेत. सोलापूरची चादर माणसाला आणि साडी डाळिंबाला, असा आमच्याकडचा विनोद आहे. सुती साडी सर्वांत चांगली, हवा खेळते. नायलॉनची साडी उन्हात लवकर विरते आणि काट्यांना अडकून चिंध्या होतात. आच्छादन फुले लागताना घालू नये, कारण मधमाशी आत यायला हवी. सेटिंग, म्हणजे फळे धरणे, पूर्ण झाल्यावर, फुलकिड्यांचा बंदोबस्त करून मगच झाकावे. नाहीतर फुलकिडे सावलीत सुखाने राहतात आणि फळावर खरबरीत पट्टे पडतात. भगवा या डाळिंबाच्या जातीला रंग भरायला उजेड लागतो, म्हणून तोडणीच्या पंधरा-वीस दिवस आधी आम्ही आच्छादन काढतो, तेही एकदम नाही. आधी दोन-तीन दिवस फक्त सकाळी उघडे ठेवायचे, मग पूर्ण काढायचे. एकदम काढले तर सावलीत वाढलेली साल दोन दुपारींत भाजते.

आपली बाग मोहोळला आहे, तेव्हा सोलापूरजवळच्या केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्याला जवळच आहे. पिशवी घ्यायच्या आधी रोगट काडी घेऊन तेथे एकदा जाऊन या.

---

बचतगट_माढा

आमच्या गटातील चौदा बायका हंगामात पेरूला आणि आंब्याला पिशव्या चढवण्याचे काम उक्ते घेतात, म्हणून कामाच्या बाजूने लिहिते.

दर फळामागे ठरवला तर काम भराभर होते, पण गाठी सैल बसतात आणि डंखलेल्या फळालाही पिशवी चढते, कारण ते फळ टाकून दिले तर तिचे पैसे बुडतात. रोजाने लावले तर गाठी चांगल्या, पण मालक दिवसभर मागे उभा राहतो. आम्ही मधला मार्ग काढला आहे. दर फळामागेच ठेवतो, मात्र डंखलेले फळ तोडून पाटीत टाकले तरी ते चढवलेल्या फळाइतकेच मोजायचे, असे मालकाशी आधी ठरवून घेतो. तेव्हापासून बायका खळगा शोधून शोधून फळे तोडतात. दादांनी एवढे एक केले तरी फरक दिसेल.

दुसरे, पहाटे दव असताना काम सुरू करू नका. ओल्या फळावर पिशवी बांधली की ती ओल आतच राहते. आम्ही नऊच्या पुढे सुरू करतो.

आणि तोडणीनंतरच्या पिशव्या कृपया बागेत सोडू नका. आमच्या गावात एका बागेतील पिशव्या वाऱ्याने शेजारच्या मालदांडीत जाऊन पडल्या. ज्वारी काढल्यावर तो कडबा गुरांपुढे गेला आणि एका गाभण म्हशीच्या पोटात प्लास्टिक निघाले. फळ तोडणारीने पिशवी खिशात किंवा गळ्यातल्या झोळीत टाकायची, कॅरेटमध्येही नाही, असा आमचा नियम आहे. फोमची जाळी मात्र बाजारात फळाबरोबर जाऊ द्या, वाहतुकीत घासत नाही.

---

मोहोळ_पेरूबाग

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी सौभाग्यवतींच्या पेटीतून मुलीची जुनी बांगडी काढली आणि दोघे बागेत गेलो. दक्षिणेकडच्या चार ओळींत बांगडी अडकणारी बरीच फळे निघाली. त्यांतील वीस फळे भिंगाने तपासली, एकावर खळगा सापडला. ते कापले तेव्हा आत अजून अळी दिसली नाही, फक्त सालीखाली तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरी लांबट अंडी होती. गेल्या वर्षी हेच दिवस मी मजुरांची वाट पाहण्यात घालवले होते.

डाळिंबाला या वर्षी पिशवी घालत नाही. बांधावर गुळवेल आहे, ती आधी काढतो. पेरूसाठी साधी पिशवीच घेऊन कोपरे कापणार आहे आणि वाचलेल्या पैशांत सहा बायका तीन फेऱ्यांसाठी आत्ताच सांगून ठेवल्या आहेत. बुधवारी पिठ्या ढेकणासाठी एक फवारणी घेतो आणि गुरुवारी सकाळी नऊला दक्षिणेकडून पहिली फेरी सुरू करतो. एवढ्या लगेच केले तर चालेल ना?

---

कीड_निरीक्षक

गुरुवारी नको. बायका दिवसभर प्रत्येक फळ हातात धरणार आहेत, बुडाचा झुपका अंगठ्याने चोळणार आहेत आणि त्याच हाताने दुपारी भाकरी खाणार आहेत. औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रकात फवारणीनंतर बागेत जाण्यासाठी जितका काळ लिहिला असेल तितका थांबा. तोवर मिळणाऱ्या दिवसांत पडलेली फळे वेचून पुरण्याचे आणि पिशव्यांचे कोपरे कापण्याचे काम उरकून घ्या. त्या चार ओळींतील मोठी फळे थांबण्यासारखी नसतील तर त्या ओळींवर फवारणी घेऊच नका. झुपका चोळून, भिंगाने पाहून, उद्याच पिशव्या चढवा आणि फवारणी उरलेल्या बागेवर करा.